पन्हाळा ते पावनखिंड : आषाढातली पायवाट

आषाढ पौर्णिमेच्या सुमारास पन्हाळ्यावरून पावनखिंडीपर्यंत चालत जाणाऱ्यांची संख्या आता बरीच वाढली आहे. मोठ्या मोहिमा निघतात, झेंडे असतात, घोषणा असतात, वाटेत जेवणाची सोय असते. आम्हाला मात्र ती वाट आपली आपण, रमतगमत चालायची होती. आम्ही म्हणजे शिवाजी विद्यापीठाच्या हॉस्टेलपासूनची चौकडी. साताऱ्याकडे शाळेत इतिहास शिकवणारा मास्तर, मिरजेत प्रॅक्टिस करणारी डॉक्टर, शिक्षण झाल्यावरही कोल्हापूर न सोडलेला अण्णा आणि पुण्याहून जाणारी मी. शिकत होतो तेव्हा पन्हाळ्याला कितीदा तरी गेलो, पण दुपारभर हिंडून, झुणका-भाकर खाऊन संध्याकाळच्या एसटीने परत. गडाच्या पश्चिमेला उतरून पुढे जाणारी वाट कायम राहूनच गेली.

गुरुवार, कोल्हापूर

पुण्याची गाडी पोचेपर्यंत साडेआठ वाजले. अण्णा स्टँडवर घ्यायला आला होता. "घरी जेवायला आई थांबल्यात, पण आधी गंगावेस," असं म्हणून त्याने स्कूटर थेट दूध कट्ट्याकडे घातली.

कोल्हापूरच्या बाहेरच्या माणसाला दूध कट्टा समजावून सांगणं अवघड जातं. रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या असतात. गवळी समोर धार काढतो, फेसाने काठोकाठ भरलेला ग्लास हातात देतो आणि आपण तिथेच उभ्याने तो पितो. दूध कोमट असतं, म्हशीच्या अंगाची ऊब त्यात असते. त्याला धारोष्ण म्हणतात. तालमींच्या या गावात दुधाला खुराकाचा मान आहे. गंगावेस तालीम, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींमधून पैलवान घडले, राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबाग मैदान उभं राहिलं. त्या सगळ्याची रोजच्या जगण्यातली खूण म्हणजे हा कट्टा. आमच्या शेजारी एक आजोबा नातवाला घेऊन आले होते. नातू फेस ओठांवर घेऊन हसत होता आणि आजोबा त्याला सांगत होते, "एका दमात प्यायचं. मधी थांबायचं न्हाई."

मास्तर आणि डॉक्टर दहाच्या सुमारास पोचले. जेवण झाल्यावर रंकाळ्यावर गेलो. पाऊस भुरभुर होता, शालिनी पॅलेसच्या बाजूला पाण्यावर दिवे हलत होते. चौपाटीवर भेळवाले आवराआवर करत होते तरी अण्णाने दोन भेळा करून घेतल्याच. आम्ही तलावाच्या काठाने चालत राहिलो. डॉक्टर फार बोलत नव्हती. तिचे वडील या वर्षी फेब्रुवारीत गेले. फोनवर आम्ही सगळे तिच्याशी बोललो होतो, पण त्यानंतर समोरासमोर भेटत होतो ते आज. कोणी तो विषय काढला नाही.

शुक्रवार, पन्हाळा

सकाळी मिसळ. कोल्हापुरात रश्श्यावरच्या तिखट तवंगाला कट म्हणतात आणि सोबत पाव नाही, ब्रेडचे स्लाइस येतात. मास्तरने दोनदा कट मागून घेतला. पुण्यात राहून माझी जीभ बिघडली आहे असं अण्णाचं मत आहे. मला ते मान्य नाही.

पन्हाळा शहरापासून वीसेक किलोमीटर. गडावर माणसं राहतात, नगरपरिषद आहे, शाळा आहेत, त्यामुळे तो नुसता पाहायचा किल्ला राहत नाही. २०२१ च्या जुलैत अतिवृष्टीने गडावर येणारा मुख्य रस्ता खचला, तेव्हा इथल्या लोकांचे फार हाल झाले. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यात पन्हाळाही आहे. त्याचा अभिमान गडावरच्या चहावाल्यापासून सगळ्यांच्या बोलण्यात येतो.

धुकं इतकं होतं की तीन दरवाजा अगदी जवळ गेल्यावर दिसला. अंधारबावेत उतरलो, सज्जाकोठीवर गेलो, पण दिवसाचा मोठा भाग अंबरखान्यात गेला. गंगा, यमुना, सरस्वती अशी धान्याची तीन कोठारं. गंगा कोठाराच्या आत उभं राहिलं की आवाज घुमतो आणि वर पाहिल्यावर धान्य ओतायची भोकं दिसतात. मास्तर तिथे रंगात आला. एरवी तो वर्गातल्यासारखा बोलायला लागला की अण्णा त्याला थांबवतो, त्या दिवशी नाही थांबवलं.

अफजलखानाच्या वधानंतर अवघ्या अठरा दिवसांत, २८ नोव्हेंबर १६५९ ला, पन्हाळा स्वराज्यात आला. पुढच्या मार्चमध्ये महाराज गडावर आले आणि आदिलशाही सरदार सिद्दी जौहरने वेढा घातला. पावसाळा सुरू झाला की वेढा ढिला पडेल असा अंदाज होता. सिद्दीने छावणीसाठी पावसाचा बंदोबस्त केला आणि तो हलला नाही. राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा घेऊन त्याच्या मदतीला आले. तिकडे पुण्यावर शाइस्ताखान चालून आलेला. "कोठारं भरलेली होती म्हणून चार महिने निघाले," मास्तर म्हणाला, "पण धान्याने वेढा उठत नाही. बाहेर पडावंच लागणार होतं."

दुपारी नेबापूरला शिवा काशिदांच्या स्मारकापाशी गेलो. नेबापूर गडाच्या पायथ्याचं गाव आणि शिवा काशिद तिथले, न्हावी समाजातले. महाराजांना निसटायला वेळ मिळावा म्हणून त्यांच्या वेशात दुसऱ्या पालखीत बसायचं आणि ठरवून शत्रूच्या हाती पडायचं, ही कामगिरी त्यांनी पत्करली. बाजीप्रभूंना निदान हातात दोन तलवारी घेऊन लढता आलं. या माणसाला राजांच्या कपड्यात, राजांच्या ऐटीत, ओळख पटेपर्यंत शांत बसून राहायचं होतं. मला त्यांचं धैर्य जास्त अवघड वाटतं आणि त्यांच्याविषयी आपण फार कमी बोलतो असंही वाटतं.

रात्री गडावरच मुक्काम. पिठलं, भाकरी, खर्डा, कांद्याची पात. पाऊस पत्र्यावर इतका वाजत होता की बोलायला ओरडावं लागत होतं.

शनिवार, राजदिंडी ते करपेवाडी

सहाला निघालो. राजदिंडी ही गडाच्या पश्चिमेची अडचणीची, लहान वाट. १२ जुलै १६६० च्या रात्री महाराज इथूनच बाहेर पडले, बरोबर सुमारे सहाशे बांदल मावळे. पायऱ्या शेवाळलेल्या, दोन्ही बाजूंना गवत कमरेएवढं. भरपावसात, अंधारात, पालखी खांद्यावर घेऊन माणसं इथून उतरली, हे तिथे पाय ठेवल्यावर कळतं. मोकळ्या हाताने उतरताना आमची तारांबळ उडत होती.

तुरुकवाडी, म्हाळुंगे गेलं आणि मसाईच्या पठारावर चढलो. मसाई पठार म्हणजे जांभ्या दगडाचा किलोमीटरच्या किलोमीटर पसरलेला सडा. मधून पाण्याची डबकी, बारीक गवत, आणि आज त्यावर पांढरंशुभ्र, हलायला तयार नसलेलं धुकं. दहा पावलांवरचा माणूस दिसेना. आम्ही एकामागे एक चालायचं ठरवलं. अण्णा पुढे, मग मास्तर, मग मी, शेवटी डॉक्टर.

तिथे ती बोलायला लागली. आधी मला वाटलं फोनवर आहे, पण रेंज कुठली असणार. ती वडिलांविषयी सांगत होती. शेवटच्या आठवड्यात सगळे रिपोर्ट तिला कळत होते, काय होणार हे कळत होतं, आणि घरातल्या बाकीच्यांसमोर तिला मुलगी व्हायचं का डॉक्टर हेच सुचत नव्हतं. वडील तिला विचारायचे, "बरं होईन ना गं?" आणि ती "हो बाबा" म्हणायची. मी मागे वळून पाहिलं नाही. पुढच्या दोघांनीही चाल तीच ठेवली, फक्त अण्णाच्या काठीचा दगडावरचा आवाज थोडा हळू झाला. ती बोलत राहिली, आम्ही चालत राहिलो. रंकाळ्याच्या काठी दिव्यांच्या उजेडात हे तिला बोलता आलं नसतं. मसाईच्या देवळापाशी पोचलो तेव्हा तिने बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं आणि मास्तरकडे चिक्की मागितली.

देवळापुढे वाट धुक्यात हरवली होती. सड्यावर पायवाट उमटत नाही, कुठेकुठे दगडावर रंगवलेले बाण आहेत, तेही दिसेनात. थांबून राहिलो तर घंटांचा आवाज आला. आधी म्हशी दिसल्या, मग त्यांच्या मागे डोक्यावर घोंगडीची खोळ घेतलेला गुराखी.

"कुठनं आलासा?"

"पन्हाळ्यावरनं. कुंभारवाडीला जायचंय मामा."

"मग हिकडं कुठं? चला माझ्यामागं. म्हसरं चुकत न्हाईत."

म्हशींच्या मागोमाग आम्ही पठाराच्या कडेला आलो. मामांनी हाताने उतरायची वाट दाखवली आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. तंबाखूची मळलेली चिमूट मात्र त्यांनी अण्णाला आग्रहाने दिली.

खाली उतरल्यावर धुकं सुटलं आणि एकदम हिरवा रंग अंगावर आला. भाताची रोपलावण चालू होती. चिखलणी केलेल्या खाचरांतून बायका ओळीने वाकलेल्या, एका लयीत मागे सरकत होत्या. इरली आता क्वचित दिसतात, त्यांच्या जागी डोक्यावर निळं-पिवळं प्लॅस्टिक आलं आहे. वाट बांधावरूनच जाते, आणि बांध घसरडे. अण्णाच्या बुटाचा तळ इथे सुटला आणि मगरीच्या जबड्याएवढा उघडला. एका शेतकरीदादांनी हातातलं काम टाकलं, बैलाच्या वेसणीची सुतळी आणली, बूट गुडघ्यावर घेतला आणि तळाखालून, घोट्यावरून, पुन्हा तळाखालून असे वेढे घालून मागे अशी गाठ मारली की ती चिखलात सैल होऊ नये. "ओली झाली की आणि घट्ट बसतीया," ते म्हणाले. खरंच तसंच झालं. तो बूट त्या सुतळीवर दुसऱ्या दिवशी पावनखिंडीत उतरला.

खोतवाडी, मंडलाईवाडी मागे टाकत संध्याकाळी करपेवाडीत आलो. अण्णाने ओळखीतून एका घरी सांगून ठेवलं होतं. दारातच काकी म्हणाल्या, "भिजलायसा किती! पाय धुवा आन् सरळ चुलीपाशी या." आमचे मोजे चुलीच्या वरच्या दोरीवर गेले, शेजारी त्यांच्या नातीचा गणवेशही वाळत होता. भाकरी थापताना काकींचे हात बघत राहावं असे चालत होते. तांदळाची भाकरी, वाटाण्याची आमटी, भाजलेला पापड, आणि आग्रह असा की "पुरे" म्हणायला तोंड उघडलं की ताटात आणखी एक अर्धी.

जेवण झाल्यावर मास्तरने त्याच्या मनातलं सांगितलं. आज पौर्णिमा आहे. थोडं तरी रात्री चालायचं, बॅटरी न लावता. काका म्हणाले, "एकटं सोडायचो न्हाई, मी येतो," आणि काठी घेऊन पुढे झाले.

मी गच्च काळोख गृहीत धरला होता. तसं नव्हतं. आभाळ पूर्ण झाकलेलं, चंद्राचा पत्ता नाही, पण ढगांच्या मागे तो असल्यामुळे सगळीकडे एक पुसट, राखाडी उजेड होता. डोळे सरावल्यावर बांध आणि खाचरातलं पाणी वेगळं ओळखू येत होतं. समोरच्याची पाठ दिसत होती. चेहरा मात्र दिसत नव्हता. पाय कुठे टाकायचा हे पुढच्याच्या पावलांच्या आवाजावरून ठरत होतं. चिखलात पडलं तर चपचप, दगडावर पडलं तर टक्, पाण्यात पडलं तर काका हळूच सांगत, "उडी." मागच्याने ते त्याच्या मागच्याला सांगायचं. शब्द असा रांगेतून मागे जाताना ऐकला आणि अंगावर काटा आला. त्या रात्री सहाशे माणसं अशीच गेली असतील. पुढचा काय सांगतो त्यावर विश्वास ठेवून, मागच्याला तेच सांगत, आणि मागून सिद्दी मसूदचे घोडेस्वार येणार हे माहीत असून. गुरुपौर्णिमेच्या दिवशी वर्गात हार आणि भाषणं होतात. यापुढे मुलांना ही गोष्ट अंधारात बसवून सांगणार, असं मास्तर परत येताना म्हणाला.

रविवार, पावनखिंड

काकींनी पैसे मोजून घेतले, मग त्यातली एक नोट डॉक्टरच्या हातात परत कोंबली. "लेकीला रिकाम्या हातानं लावायचं नस्तं." डॉक्टर त्यांच्या पाया पडली.

आंबेवाडी, रिंगेवाडी, माळेवाडी, पाटेवाडी. आजची वाट जंगलातली. झाडी इतकी दाट की पाऊस थांबला तरी पानांतून तो पडतच राहतो. एका ओढ्याला पाणी मांडीपर्यंत चढलं होतं आणि जोर बराच होता. पलीकडच्या धनगरवाड्याकडे निघालेले दोन तरुण भेटले. त्यांनी आधी काठीने तळ चाचपला, आम्हाला चिंचोळी जागा सोडून वरच्या बाजूला, जिथे ओढा पसरट होता तिथे नेलं आणि हातात हात घालून साखळी करायला लावली. सॅकचे कंबरपट्टे त्यांनीच सोडायला सांगितले, पाय घसरला तर ओझं टाकून देता यावं म्हणून. पाण्याकडे न बघता समोरच्या काठावरच्या एका झाडाकडे बघत चालायचं. मधोमध पायाखालचा गोटा हलला तेव्हा दोन्ही बाजूंच्या मुठी एकदम आवळल्या गेल्या. पलीकडे गेल्यावर अण्णाने ओरडून आनंद साजरा केला, आणि त्या पोरांना त्यात काय एवढं, असं वाटल्याचं स्पष्ट दिसत होतं. त्यांची शाळा याच ओढ्यापलीकडे होती.

म्हसवडे, मग पांढरपाणी. इथे डांबरी रस्ता लागतो आणि पाय एकदम जड होतात. दुपारी तीनच्या सुमारास खिंडीवरच्या स्मारकापाशी आलो. तिथून पायऱ्या आणि लोखंडी शिडी उतरून खाली जायचं. दोन्ही बाजूंना कातळाच्या भिंती, मधून पाण्याचा प्रवाह, आणि वाट इतकी अरुंद की मोठ्या फौजेला तिथे पसरायला वाव नाही.

जुनं नाव घोडखिंड. महाराज निम्मी माणसं घेऊन विशाळगडाकडे गेले, उरलेल्या सुमारे तीनशे बांदलांसह बाजीप्रभू आणि त्यांचे भाऊ फुलाजी इथे उभे राहिले. महाराज गडावर पोचल्याचा तोफांचा इशारा होईपर्यंत त्यांनी खिंड सोडली नाही, असं आपण लहानपणापासून ऐकतो. दोघा भावांच्या समाध्या विशाळगडावर आहेत. महाराजांपुढेही गडाला सुर्वे आणि दळवी या आदिलशाहीच्या बाजूच्या सरदारांचा वेढा होता, तो फोडून त्यांना वर जावं लागलं, हे मात्र गोष्ट सांगताना सहसा राहून जातं. बांदलांचं शौर्य एवढं मोठं मानलं गेलं की जेधे घराण्याकडे असलेला दरबारातला पहिल्या पानाचा, म्हणजे सर्वांत आधी विडा घेण्याचा मान त्यांना देण्यात आला.

हे सगळं मला वाचून माहीत होतं. तिथे उभं राहून मला वेगळीच गोष्ट जाणवली. आमच्या मांड्या भरून आल्या होत्या, तळपाय सोलले होते, डोळ्यांवर झोप होती, आणि आम्ही रात्री चुलीपाशी निजून, दोन दिवसांत, पोटभर खाऊन आलो होतो. हीच सुमारे पन्नास किलोमीटरची वाट ते लोक एका रात्रीत, पळत, न थांबता आले आणि अशा अवस्थेत लढाईला उभे राहिले. ती लढाई थकलेल्या माणसांनी दिली, हे पुस्तकातून माझ्यापर्यंत कधी पोचलं नव्हतं. मास्तरने बूट काढले आणि पाण्यात हात घालून तो कपाळाला लावला. आम्हीही लावला.

अण्णाने सांगून ठेवलेली जीप रस्त्यावर उभी होती. मलकापूरमार्गे येताना सगळे झोपले, मी सोडून. ड्रायव्हरदादा वाटभर त्यांच्या भागातल्या गव्यांच्या गोष्टी सांगत होते. कोल्हापुरात आठला पोचलो आणि अंघोळी करून तांबडा-पांढऱ्यावर बसलो. पांढऱ्या रश्श्याची पहिली वाटी घेताना कोणी बोललं नाही. दुसऱ्या वाटीला डॉक्टर म्हणाली की बाबांना हा रस्सा फार आवडायचा, मिरजेहून मुद्दाम यायचे. मग ती त्यांच्या खवय्येगिरीच्या गोष्टी सांगायला लागली. एका लग्नात त्यांनी वाढप्याशी कशी पैज लावली होती ते सांगताना तीच इतकी हसली की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून पाहायला लागले.

रात्री पुण्याची गाडी. अण्णा स्टँडवर सोडायला आला, पायात चपला, आणि सुतळीचा तो बूट पिशवीत, चांभाराला दाखवायला. डॉक्टर मिरजेला गेली, मास्तर माझ्याच गाडीने साताऱ्यापर्यंत होता. विशाळगड राहिला आहे. पुढच्या आषाढात करपेवाडीच्या काकींना आधी फोन करायचा, एक दिवस जास्तीचा काढायचा आणि खिंडीपाशी न थांबता समाध्यांपर्यंत चालत जायचं, हे गाडीने सांगली फाटा ओलांडायच्या आत ठरलं होतं.